वीतभर कापलेलं सुकाणू

ही घटना खरी आहे. माझ्याच बाबतीत घडली आहे.

रात्रीची नाही, अमावस्येची तर नाहीच. २१ एप्रिल २०२४, रविवार, दुपारचे साडेबारा. डोकं भाजून काढणारं ऊन होतं. ठिकाण भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेवरच्या धरणाचं मागचं पाणी. ज्यांचं भूत रात्री बाराचा टोला ऐकूनच निघतं, त्यांनी पुढं वाचू नये.

मी धनराज. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. माझा थोरला भाऊ बुधराम आठ वर्षं मुंबईला एका बोट क्लबात कामाला होता. साहेब लोकांच्या शिडाच्या बोटी धुवायच्या, शिडं चढवायची, उतरवायची. लॉकडाऊनमध्ये गावी आला, तो परत गेलाच नाही.

धरणानं इथं नदीचा समुद्र करून ठेवलाय. जाळ्यांपर्यंत चार किलोमीटर वल्हवत जायचं म्हणजे खांदे निखळतात. बुधरामनं आमच्या नावेला बांबूची डोलकाठी लावली, वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचं शीड शिवलं आणि मागं सागाच्या फळीचं सुकाणू बसवलं. शिडावर कुण्या भाऊंचा हसरा चेहरा, तोही उलटा. गाव पोट धरून हसलं. मग बुधराम अर्ध्या तासात जाळ्यावर पोचायला लागला आणि गावाचं हसणं बंद झालं.

त्यानं मलाही शिकवलं.

"दांडा दोन बोटानं धर बे. जोर लागून राहिला म्हणजे शीड चुकलं समज. दोर ढील देजो."

आणि एकदा म्हणाला, "झोत आला का नाव वाऱ्याकडं तोंड फिरवते. तवा तिले सुकाणूच धरून ठेवते. म्हणून ते मोठं पाहिजे."

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

पण आमच्याकडे नावेच्या खाली काही लोंबतं ठेवायची रीतच नाही. पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, वर आमचीच जाळी पसरलेली. ते सुकाणू दर फेरीला माझ्या जाळ्यात अडकायचं. दोन जाळी फाटली. माझं डोकं फिरलं. बुधराम कामानं साकोलीला गेला होता, त्या दिवशी मी करवत घेतली आणि सुकाणू खालून वीतभर कापलं. कापलेल्या कडेला काळा रंग फासला.

संध्याकाळी सांगू म्हटलं. राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. बुधराम एकटाच गेला होता. नाव उलटी सापडली. बुधराम तिसऱ्या दिवशी सापडला, एका पळसाच्या खुंटाला अडकलेला.

आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव पिंटू. त्यानं काठावर, सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "मुंबईत बोटी चालवणारा माणूस बुडते कसा बे? घेतली होती काय त्यानं?"

बुधराम दारूच्या थेंबाला शिवत नव्हता.

मी खाली बघत म्हणालो, "थोडी."

बस्स. एवढाच एक शब्द. त्यावर संस्थेनं ठरवलं, बुधरामच्या जागी त्याच्या बायकोला, ज्योत्सना वहिनीला, सभासद करायचं नाही. दारुड्याचं घर, आज जाळं घेईल, उद्या विकेल. त्याच्या वाट्याचं पाणी, म्हणजे तिथं मासे धरायचा हक्क, मला मिळाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ना, ते दिसायला माझ्यासारखेच असतात. साधे.

मी सुकाणूला खालून नवी फळी जोडली. होतं त्याहून चार बोटं मोठीच. नाव पुन्हा पाण्यात घातली.

आणि पहिल्याच दिवसापासून…

दांडा जड.

मी दोराला ढील दिली. शीड पुढं सरकवलं. खाली शेवाळ अडकलं असेल म्हणून सुकाणू वर काढून बघितलं. काही नव्हतं. परत बसवलं… परत जड. वारा पडला, शीड ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं, तरीही जड. खालून कोणीतरी फळी दोन्ही हातांनी धरावी, तसं.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी स्वतःला समजावलं. वर्षभर समजावलं.

मग वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी, त्या एकवीस एप्रिलच्या रविवारी, वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, मले ते जागा दाखवा."

नाही कसं म्हणणार?

निघालो तेव्हा वारा चांगला होता. वहिनी मागं बसली. मी दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला होता, कपाळावरून घाम गळत होता.

"एवढा जोर कायले लावता? आणा इकडं."

तिनं दांडा घेतला. दोन बोटांनी धरला.

"हलकाच तं आहे."

नाव सरळ चालली. मी हात लावला… जड. तिनं धरला… हलका.

पळसाचा खुंट दिसायला लागला.

आणि नाव थांबली.

शीड भरलेलं. दोर ताणलेले. वारा माझ्या कानात घोंघावतोय… आणि नाव जागची हलत नाही. खुंटांवरचे पाणकावळे एकदम उठले आणि निघून गेले. फ्लेक्सची फडफड नाही. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज नाही. मी नाव ढकलायचा बांबू खाली घातला. पुरता बुडाला, तळ लागला नाही. आजूबाजूला फिरवला, कशालाही टेकला नाही.

वहिनी वाकून सुकाणूकडे बघत होती.

"हे फळी जोडलेली काहून आहे?"

"कुजली होती."

ठक.

खालून… नवी फळी जिथं जोडली होती, बरोबर तिथं.

"कायचा आवाज झाला?"

"ओंडका असंल."

ठक… ठक.

वहिनीनं दांडा सोडून दिला. माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, खरं सांगा. ते घेत नव्हते. मले माहीत आहे. तुमालेबी माहीत आहे."

मी सांगितलं. करवत, काळा रंग, राहून गेलेली संध्याकाळ, तो "थोडी" शब्द. सगळं. मी बोलत होतो तेवढा वेळ खाली एकही आवाज झाला नाही. माझं बोलणं संपलं आणि नाव एक हिसका देऊन सुटली.

वहिनी रडली नाही. तिनं दांडा परत धरला आणि नाव काठाला आणली. उतरल्यावर म्हणाली, "हे मले कायले सांगता? जेथी खोटं बोलले, तेथीच खरं बोला. मले तुमचं पाणी नोको. त्याच्या नावावरची दारू पुसा."

तेव्हापासून संस्थेच्या पाच सभा झाल्या. पाचही सभांना मी गेलो. सही केली, चहा घेतला, मूग गिळून परत आलो. सुरुवातीला वहिनी दारातूनच विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, "आज गर्दी होती." दिवाळीपासून तिनं विचारणं सोडलं. आता ती मला बघून आत निघून जाते. ते मला त्या ठकठकीपेक्षा जास्त लागतं.

नाव काठावर उलटी टाकून दिली आहे. सुकाणू चुलीत घातलं. वाटलं, संपलं.

मागच्या आठवड्यात शहापूरहून मोटरसायकलनं येत होतो. सरळ रस्ता, वारा नाही. एकदम हँडल जड झालं… आणि डावीकडे, रस्त्याच्या खाली भरलेल्या तलावाकडे वळायला लागलं. दोन्ही हातांचा जोर लावून कसंबसं थांबवलं. घरापर्यंत गाडी ढकलत आणली. मेकॅनिकला काही सापडलं नाही.

रविवारी पुन्हा सभा आहे. पिंटू चहा सांगेल, सगळे बसतील, मीही बसेन. काय बोलायचं ते मला पाठ आहे.

इथं मात्र सगळं लिहून टाकलं. तुमच्यातलं कोणी त्या सभेत बसत नाही ना, म्हणून जमलं.