जनरेटरला मनाई आहे

तुम्ही एक माणूस लपवलंय.

हो, तुमच्याशीच बोलतेय. डोंगरापलीकडे तळ्याकाठी मोटारहोम लावायचा जो तळ आहे, तो चालवणाऱ्या खात्याशी. वरच्या साहेबापासून फाटकावर पावती फाडणाऱ्यापर्यंत, सगळ्यांशी. ताईने तुम्हाला विचारून पाहिलं. भावोजींनी कचेरीत खेटे घालून पाहिले. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाही. म्हणून आता चारचौघांत विचारते.

मला भुताखेतांच्या गोष्टींचा नाद नाही. त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतेही. पण जे तिघं होते ते माझ्याच घरातले. माझी आई, माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा. तिघांना वेगवेगळं बसवून विचारलंय मी. कुणाच्या सांगण्यात तसूभर फरक नाही.

आणि त्यातलं एकही माणूस घाबरट नाही. ताई शाळेची बस चालवते. पन्नास पोरांचा कालवा पाठीशी घेऊन जी घाट उतरते, ती वाऱ्याच्या आवाजाने दचकत नसते.

आईच्या फुफ्फुसांनी दगा दिला त्याला बरीच वर्षं झाली. दिवसा ती कशीबशी निभावते. दिवेलागण झाली की तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं, सकाळपर्यंत. आडवं झाल्यावर तर त्याच्याशिवाय चालतच नाही. मशीन भिंतीतल्या विजेवर चालतं. एका लयीत आवाज करतं. धप्प... फुस्स. धप्प... फुस्स. आमच्या घरात तो आवाज म्हणजे सगळं ठीक आहे.

"वायर पुरेल तेवढंच माझं जग," आई म्हणायची. "गोठ्यातली गाय बरी. तिचा दोर तरी लांब असतो."

ताईला ते लागलं. तिने मैत्रिणीकडून मोटारहोम मागून घेतली, आत निजायची सोय असलेली गाडी. आईला एकदा तरी उघड्यावर, पाण्याकाठी निजवायचं. बस्स, एवढंच.

पण तुमच्या तळावर वीज नाही. आणि नियम काय? जनरेटर चालणार नाही. आवाज होतो म्हणे.

मग राहिलं काय? बॅटरीचं खोकं. ते सोबत नेतात ना, पॉवर स्टेशन.

दुकानात ताई, भावोजी आणि आई तिघंही गेले होते. आईला खुर्ची दिली.

"बाई, जनरेटरच न्या," दुकानदार म्हणाला. "तेल ओता, दोरी ओढा, विसरून जा."

"तळावर मनाई आहे."

"मग हे घ्या. छोटं, हलकं. तुमचं मशीन आरामात उचलेल."

"उचलेल हो. टिकेल किती?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?" ताईचा आवाज चढला. "माझ्या आईला भरपूर नकोय. सकाळपर्यंत हवंय."

दुकानदाराने मोठं खोकं पुढे ओढलं. चाकांचं. दोन माणसांनी उचलावं असं. त्याच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे. बॅटरी किती उरली, आणि भार किती आहे.

"म्हणजे आता माझा जीव ह्या पेटीवर टांगणार," आई म्हणाली.

"सासूबाई, पेटीला चाकं आहेत," भावोजी म्हणाले. "तुमचा जीव आजपासून फिरता झाला."

"जावईबापू, तुमची जीभ पण चाकावरच आहे."

ताईने खोकं घरी आणलं आणि निघायच्या आधी एक अख्खी रात्र आईचं मशीन त्याच्यावर चालवून पाहिलं. सकाळी बॅटरी निम्म्याच्या जवळपास उरली होती. खोकं चोख होतं. हे मुद्दाम लिहितेय. उद्या तुम्ही म्हणाल, माल खराब असेल.

थंडीचे दिवस होते. आठवड्याच्या मधला वार, त्यामुळे तळावर दुसरी गाडी नव्हती. फाटकावर लाल अक्षरांत हा एवढा मोठा फलक. जनरेटरला मनाई आहे. तळाचं नावसुद्धा त्याच्यापेक्षा लहान अक्षरांत.

"शेवटच्या जागेवर लावा," तुमचा रखवालदार म्हणाला. "बाकीच्यांचं काम चालू आहे."

काम कुठेच चालू नव्हतं.

"तुम्ही रात्री असता ना?" ताईने विचारलं.

"मी? रात्री?" तो केबिनला कुलूप घालत म्हणाला. "रात्री इथे काय काम?"

अंधार पडायला अजून अवकाश होता. तरी तो मागे न बघता सायकल हाणत गेला.

शेवटची जागा तळ्याच्या अगदी कडेला. सपाट. सगळीकडे गवत. फक्त गाडीच्या दाराशी जमिनीचा एक चौकोन काळा. तेल मुरलेला. त्यात गवताचं पातंही नाही.

"इथे कुणीतरी जनरेटर ठेवत असणार," भावोजी म्हणाले. "पुष्कळ दिवस ठेवलेला दिसतोय."

ताईने नळावरून बादली भरून आणली. हातपाय धुवायला दाराबाहेर ठेवली, त्या काळ्या चौकोनावर. आईने खुर्चीत बसून पाणी बघितलं. खूप वेळ बघितलं. चहा घेतला. ताई म्हणते, त्या तासाभरात आई दहा वर्षांनी लहान झाली होती.

मग सूर्य डोंगराआड गेला.

आईला आत घेतलं. भावोजींनी दार लावलं. ताईने खोक्याचं बटण दाबलं. पडदा उजळला.

बॅटरी पूर्ण भरलेली.

आणि भार...

भार शून्य असायला हवा होता. मशीन अजून पिशवीतच होतं. खोक्याला एकही वायर लावलेली नव्हती.

पडद्यावर आकडा होता. आईचं मशीन जेवढी वीज खातं, बरोब्बर तेवढा.

ताईने प्लगची भोकं बोटाने चाचपली. रिकामी.

"मशीन एवढ्यात कशाला लावलंस?" आईने विचारलं.

"नाही लावलं गं."

"मग हे काय वाजतंय?"

ताईने कान दिला...

धप्प... फुस्स.

धप्प... फुस्स.

बाहेरून येत होता आवाज. दाराजवळून.

एक सांगते. जनरेटर असता तर त्याच्या फटफटीत हे कुणालाच ऐकू आलं नसतं. तुमच्या नियमाने आम्हाला ते खोकं घ्यायला लावलं. ते आवाज करत नाही. म्हणून ते दुसरं मशीन ऐकू आलं.

"कुणीतरी आलं असेल शेजारी," भावोजी म्हणाले. पण कडीला हात लावला नाही. जिभेची चाकं थांबली होती.

ताईने खोक्याचं बटण बंद केलं.

बाहेरचा आवाज तत्क्षणी थांबला.

क्षणभर काहीच नाही. पाण्याचाही आवाज नाही.

मग...

टीईईईईई.

हा सूर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वीज गेली की आईचं मशीन असंच किंचाळतं. अख्खं घर झोपेतून उठून धावतं. ताईचे पाय आपोआप पिशवीकडे वळले. पिशवी गप्प होती.

सूर बाहेर होता.

आणि मग गाडीच्या पत्र्यावर थाप पडली.

तळहाताची. उघड्या हाताची.

दारावर. मग खिडकीखाली. मग मागच्या बाजूला. पुन्हा दारावर. गाडीला फेरी घालत होतं ते. वीज गेल्यावर माणूस मदत मागायला दारं वाजवत फिरेल ना, अगदी तसं. आधी हळू. मग घाईने. मग दोन्ही हातांनी.

"कोण आहे?" ताई ओरडली.

थापा तेवढ्याच. बोलायला छातीत हवा लागते.

आईचे ओठ एव्हाना निळसर व्हायला लागले होते. दिवेलागण उलटून गेली होती. ताईने मशीन पिशवीतून काढलं, वायर लावली, खोकं चालू केलं. थापा थांबल्या. मशीन सुरू झालं. बाहेरचंही सुरू झालं. दोन्ही एका तालात.

धप्प... फुस्स.

पडद्यावर भार दुप्पट. बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. तांब्याला भोक पडावं तसा.

"हवा येत नाही गं," आई म्हणाली.

"येतेय आई, मशीन चालू आहे."

"मला सांगतेस? पेला आण."

ही आईची रोजची खात्री. नळीचं टोक पाण्यात बुडवायचं. बुडबुडे आले की हवा येतेय. ताईने पेल्यात नळी बुडवली.

पाणी स्थिर.

मशीन धडधडत होतं, दिवा हिरवा होता, आणि नळीतून एक बुडबुडा येत नव्हता.

बुडबुडे मात्र ऐकू येत होते...

भावोजींनी खिडकीचा पडदा सरकवून टॉर्च मारला. त्यांनी काय पाहिलं ते आजही ते भिंतीकडे बघून सांगतात. काळ्या चौकोनावर आमची बादली. बादलीत नळी नाही, काही नाही. आणि त्यातलं पाणी खदखदतंय. थांबून थांबून. श्वासाच्या लयीत.

आईच्या वाटची हवा तिथे चालली होती.

टॉर्च पिवळा पडला आणि विझला.

आणीबाणीसाठी एक छोटा सिलेंडर होता. ताईने नळी त्याला जोडली. नळीत हवा आली. आईच्या तोंडावर रंग आला. पण सिलेंडर छोटा. आणि इस्पितळ डोंगराच्या अलीकडे.

"गाडी काढा!"

भावोजींनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. गाडीची बॅटरी मेलेली. दोघांचे फोन मेलेले. जिथे म्हणून वीज होती, तिथून ती ओढली जात होती. आणि बाहेरचं मशीन जोरात, अधाशासारखं चालू होतं.

ताईने आईकडे पाहिलं. मग खोक्याकडे. ज्याच्यासाठी तिने दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं, त्या खोक्याकडे.

"दार उघडा."

"वेड लागलंय का तुला?"

"उघडा म्हणते ना!"

भावोजींनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. फक्त घामट, आजारी माणसाच्या अंथरुणाचा वास. थंडीत, उघड्या मैदानावर.

ताईने आईच्या मशीनची वायर हिसकून काढली. चालू खोकं लाथेने दाराबाहेर ढकललं. ते बादलीला धडकून काळ्या चौकोनावर पडलं.

"घे!" ती ओरडली. "सगळं घे! पण माझ्या आईच्या वाटचं घेतलंस तर याद राख!"

आवाज शांत झाला. थांबला नाही. शांत झाला. पोट भरत आलेल्या माणसासारखा.

धप्प... फुस्स.

भावोजींनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

स्टिअरिंग ताईने घेतलं. ती सांगते, फाटक ओलांडेपर्यंत मागच्या पत्र्यावर हलक्या थापा पडत होत्या. जशा आपण निघालेल्या गाडीला मारतो. जा आता, म्हणून.

सिलेंडरचा काटा लाल पट्ट्यात असताना इस्पितळाचे दिवे दिसले. आई वाचली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. तुम्ही संपू दिली नाहीत.

काही दिवसांनी तुमचा तोच रखवालदार आमच्या दारात आला. सोबत टेम्पो. टेम्पोत आमचं खोकं.

"सामान टाकून जाता? वर तळावरून रात्रभर मशीनचा आवाज येतो म्हणून तक्रार आलीय."

"आम्ही त्याच संध्याकाळी निघालो," ताई म्हणाली. "आवाज कसला येतो ते तुम्हाला माहीत आहे."

त्याने वर पाहिलं नाही. "सगळे हेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? कोण होतं तिथे? कुणाचा जनरेटर होता तो?"

"वस्तू मिळाली ना? झालं तर मग."

आणि तो पळाला. सायकलवरून पळाला होता तसाच.

त्या दिवशी दिवे लागले. आईने घरातलं मशीन लावलं, भिंतीतल्या विजेवर. दिवा हिरवा. पेल्यात बुडबुडा नाही.

गॅलरीत ठेवलेल्या खोक्याचा पडदा आपोआप उजळला होता. बॅटरी रिकामी. भार तोच.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा तिथे होते.

ताई उठली. तिने खोक्याची वायर भिंतीत लावली. बॅटरी चढायला लागली. गॅलरीतून आवाज आला. धप्प... फुस्स. आणि मग आईच्या पेल्यात बुडबुडे आले.

भावोजींनी एकदा ते खोकं भंगारात दिलं. दिवेलागणीला धावत जाऊन परत आणावं लागलं. आई तोवर खुर्चीतून खाली सरकली होती.

आता घरात दोन माणसांची हवा चालते. एक दिसतं, एक दिसत नाही. आई रात्री गॅलरीच्या दाराकडे पाठ करून निजते. ती आता पाण्याचं, डोंगराचं नाव काढत नाही. वायर पुरेल तेवढ्या जगातही आता तिला वाटेकरी आलाय.

मला त्या गॅलरीतल्या माणसाची दया येत नाही. त्याने माझ्या आईच्या नाकातली हवा ओढली. पण त्याला दारोदार हिंडायला लावलं कुणी?

मी सांगते काय झालं असणार. नियम झाला. तुमचा माणूस शेवटच्या जागेवर गेला. आत मशीनवर कुणीतरी होतं. त्याने सांगितलं असणार, विनवलं असणार. तुमच्या माणसाने जनरेटर बंद केला आणि केबिनला कुलूप घालून निघून गेला. मग ते माणूस उठलं. गाडी-गाडीची दारं वाजवली. आवाज नको म्हणणाऱ्या लोकांची दारं.

खोटं असेल तर सांगा खोटं आहे. इतका मोठा लाल फलक लावता, एक ओळ लिहायला हात थरथरतो?

आज सकाळी आमच्या गल्लीत सूचना लागलीय. तारांच्या कामासाठी उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत वीज बंद राहील.

सिलेंडरवाल्याने हात वर केलेत. इस्पितळात खाट नाही. खोकं एकच आहे. सकाळपासून भरतोय. पडद्यावर पूर्ण भरल्याचा आकडा आहे, आणि आकडा खरा मानायची आता आमची हिंमत नाही.

म्हणून शेवटचं विचारते. कोण होतं ते? काय नाव होतं? कुणाच्या हुकमाने बंद केलात जनरेटर?

उद्या थाप पडेल तेव्हा ताईला नाव घेऊन बोलायचंय. नाव घेऊन सांगायचंय, की तुझी हवा तोडणारे आम्ही नाही, ते अमुक-तमुक. त्यांचा पत्ता हा.

दिवेलागणीच्या आत उत्तर द्या.