तिरक्या पात्यांचा पंखा

“अवो मिस्त्री, ह्ये पितळंचं फूल कुनासाठी?”

वळवणच्या तळ्याकाठी पंखा पुशीत बसलेला महिपती दचकला. समोर रिकामी चरवी कमरेवर घेऊन कस्तुरा उभी. पलीकडच्या काठावरल्या अंबाजी पाटलांची ही लेक, लोणावळ्यात दूध घालून परतत होती. आणि तिला पलीकडं नेणारी वीज कंपनीची मोटारबोट तर काठावर ओढून ठेवलेली!

“फूल न्हाई, बोटीचा पंखा हाय. दोन हायेत. कंचा बसवू, त्येच बघतोय.”

“दोन कशापायी?”

“ह्यो सपाट पात्यांचा. दमानं जातो, पर आख्खं वऱ्हाड वढंल. आन् ह्यो तिरक्या पात्यांचा… दोनच मानसं बसली, तर वाऱ्यावानी सुटतो.”

“दोनच? कंची वो?”

ती हसली, आणि महिपतीच्या हातातला पाना पाण्यात पडला.

मग काय! कस्तुराला रोजच परतायला उशीर होऊ लागला. कधी तिनं आणलेली द्रोणभर करवंदं, कधी तिच्या बांगडीला लागलेलं त्याच्या बोटांचं तेल… कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? तिच्या आबांच्या, अंबाजी पाटलांच्या, कानावर गेलंच. त्यांनी घाईघाईनं सोमाटण्याचं स्थळ पक्कं केलं. लग्न नवऱ्याच्या दारी.

“मला न्या वो,” कस्तुरा रडली.

“वऱ्हाड जमायच्या आत येतो… तिरका लावून. मंग आगगाडीनं थेट ममई,” महिपती म्हणाला.

लग्नाच्या सकाळी हळदीच्या अंगानं ती काठावर उभी होती. बोट दिसली. इंजिन नुसतं कोकलत होतं, बोट मात्र रखडत येत होती. दोन्ही पंख्यांची चाल एव्हाना तिला पाठ होती.

“सपाट लावलासा?”

महिपतीनं मान वर केली नाही. “काल तुजे आबा आलते… पाया पडले गं माज्या. म्हनले, माज्या लेकीचं वऱ्हाड तूच पोचीव. म्हाताऱ्या मानसाला न्हाई म्हनवंना.”

“आन् मला न्हाई बरं म्हनवलं!”

तेवढ्यात वाजंत्री आली. कस्तुरा त्याच्याकडे पाठ करून बसली. बोट गच्च भरली, तरी कुठं अडली नाही.

“पंखा बराबर निवडलास, पोरा,” आबांनी महिपतीच्या पाठीवर थाप मारली.

आत्ताच्या आत्ता तळ्यानं सगळ्यांना गिळावं, असं कस्तुराला वाटलं. पण सपाट पंखा भरवशाचा. बोट सुखरूप लोणावळ्याच्या काठाला लागली.