तिसरं बटण

रॅगिंग ही माणुसकीला लागलेली कीड असून तिचा समूळ नायनाट केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, अशी शपथ मी गेली अकरा वर्षं दर बारा ऑगस्टला उजवा हात पुढे करून घेतो. शपथ संपली की आलूबोंडा असतो. मागच्या वर्षी आलूबोंडे आधी आले, तेव्हा शपथेला पहिल्या दोन रांगाच उरल्या.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात तपासणी आहे. राहायला अकोल्यात. सकाळी गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती, संध्याकाळी उलट. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. त्यात निम्मं आयुष्य जातं, पण त्याची तक्रार करायला समिती नाही. अकोल्याच्या घरी एक बाई आहेत, त्या डबा करून देतात. चहात सुंठ घालतात. मुलगी आकांक्षा पुण्यात असते. रविवारी तिचा फोन येतो.

रॅगिंग प्रतिबंधक समितीचा निमंत्रक मी योग्यतेमुळे झालो नाही. समित्या वाटल्या त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं लेट होती. मी पोचलो तोवर क्रीडा आणि सांस्कृतिक वाटून झालं होतं. काम एकच, दर महिन्याला अहवाल पाठवायचा: ‘तक्रारी: निरंक’. शून्य म्हटलं की कोणीतरी मोजून पाहिलं असं वाटतं. निरंक म्हटलं की मोजायलाही कोणी गेलं नाही. मी एकशे बत्तीस वेळा निरंक पाठवलं आहे.

याच हॉस्टेलात मी स्वतः नव्वद साली होतो. तेव्हाचा नियम साधा होता. सीनियर समोर आला की ज्युनियरनं मान खाली घालून आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहायचं. पाच मिनिटं असो की तास. सीनियरच्या तोंडाकडे पाहणं हा गुन्हा. माझी बहीण वच्छला म्हणते की पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी आलो तो कोरा होऊन आलो. आई मला लाडानं कोणत्या नावानं हाक मारायची तेही मला आठवेना. माणूस शिकला की विसरतो. मी ते मनावर घेतलं नाही.

पुढे परिपत्रक आलं आणि हॉस्टेलात कॅमेरे लागले. दर शुक्रवारी चित्रण पाहायचं आणि रजिस्टरवर सही करायची. दोन वर्षं मी सही केली. यंदा सप्टेंबरात बडनेऱ्याच्या पुढे मालगाडी बंद पडली, परतीची गाडी तीन तास नव्हती, म्हणून चित्रणही पाहिलं.

तळमजल्याचा व्हरांडा. एका टोकाला पाण्याचा कूलर, दुसऱ्या टोकाला मेसचं दार, मधोमध भिंतीवर निळा बोर्ड: रॅगिंग हा दंडनीय गुन्हा आहे, खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. मुलं कूलरकडून हसत-बोलत यायची. बोर्डापाशी आली की गप्प व्हायची आणि हनुवटी छातीला टेकवायची. चार पावलं. मग मान वर, आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढे सुरू. समोर कोणी नसायचं. त्या आठवड्यात पहिल्या वर्षाची मुलं तिथून सहाशे बारा वेळा गेली. सहाशे बारा माना खाली. अकरा वर्षांत मला एकही फोन का आला नाही, एवढा उलगडा मात्र झाला. नंबर कोणी वाचलाच नव्हता.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं चित्रणात नव्हतीच. खुशालरावांना विचारलं. ते तीस वर्षांपासून हॉस्टेलचे चौकीदार आहेत आणि कॉलेजच्या कोणत्याही समितीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. ती पोरं सायकल स्टँडकडून मागच्या दारानं येतात, लांब पडतं तरी, असं ते म्हणाले. कारण विचारलं तर तंबाखू मळत राहिले.

“पह्यल्या वर्षी जो इथून जाते, तो दुसऱ्या वर्षापासून तिकून जाते,” शेवटी म्हणाले. “तुमी बी त तिकूनच येता, सर.”

मी विचार केला. ऑटो मागच्या फाटकाशी थांबतो, म्हणून.

त्या चित्रणात एक मुलगा वेगळा होता. बाकीचे चार पावलांत निघून जायचे; हा थांबायचा. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, बाकीची मुलं प्रॅक्टिकलला गेलेली असताना, तो बोर्डासमोर उभा राहायचा. मान खाली, हात बाजूला. ओठ हलायचे. कॅमेऱ्याला आवाज नाही. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, मग पाच, मग नऊ.

त्याला केबिनमध्ये बोलावलं. सुगत. बाळापूरचा, बीएस्सीचं पहिलं वर्ष. वडील देवमन तिथल्या एका शाळेत शिपाई. मुलगा खुर्चीत नीट बसला होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता, यानं मला बरं वाटलं.

“कोणाशी बोलतोस तिथं?”

“सीनियरशी, सर.”

“कोणता सीनियर? नाव?”

“पायला नाई. तिसऱ्या बटनाच्या वर पाहाचं नसते.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

तो बराच वेळ आठवत राहिला. मग कोणीच नाही म्हणाला, आणि स्वतःच जरा चकित झाला.

मी कॉम्प्युटरवर तक्रारीचा फॉर्म उघडला. आरोपीच्या नावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. ‘अज्ञात’ लिहिलं. ‘वैध नाव लिहा’ असं उत्तर आलं. ज्यानं कोणी तिसऱ्या बटणाचा नियम काढला, त्याला या फॉर्मची आधीच कल्पना असावी.

छळाचा प्रकार विचारला. सुगत म्हणाला, मारत नाही, शिव्या देत नाही, नाचायला लावत नाही. फक्त विचारतो. गाव कोणतं. घरी कोण कोण. आई सकाळी कोणती भाजी करते. घराच्या मागं काय आहे. तुला लहानपणी कशाची भीती वाटायची. सांगितलं की म्हणतो, जा.

“मग जातोस काहून?” मीही वऱ्हाडीवर आलो.

“दुसरं कोणी विचारत नाई, सर.”

मग थोडं थोडं कळलं. पहिल्या दिवशी मेसमध्ये मुलांनी त्याला पूर्ण नाव विचारलं होतं. त्यानं आडनावासकट सांगितलं. त्यानंतर कोणी काही वाईट बोललं नाही. काहीच बोललं नाही. तो ताट घेऊन बसला की टेबल हळूहळू रिकामं व्हायचं, कोणाला घाई असायची, कोणाला फोन यायचा. दोन महिने. फॉर्ममध्ये छळाच्या प्रकारांची मोठी यादी होती. ‘कोणीच बोलत नाही’ हा प्रकार तीत नव्हता.

उठताना तो म्हणाला, “एक सांगू का, सर? त्याले जे सांगतो ना, ते मंग मले आठवत नाई.”

मी त्याला अभ्यासाचा ताण, झोप, मोबाइल यांवर दहा मिनिटं सांगितलं. ते माझ्याकडे पाठच आहे.

सोमवारी देवमन आले. खुर्चीच्या कडेवर बसले. हातात टीसीचा अर्ज, घडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला. मुलगा रविवारी घरी आला होता, म्हणाले. जेवायला बसला, चांगला बसला.

“मंग मायले म्हणे, मावशी, पाणी कोठी ठेवलं आहे?” देवमन म्हणाले. “आपल्याच मायले, सर. थे तशीच उभी राह्यली.”

प्रवेशाची मुदत संपली होती. टीसी काढली तर सुगतचं वर्ष जाणार होतं, आणि त्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. नाही काढली तर त्याचं काय काय जाणार होतं, ते कोणी सांगू शकत नव्हतं. मी देवमनना म्हणालो, मला चार दिवस द्या. समितीच्या वतीनं बोलतो आहे असं मला वाटलं. समितीतले बाकी सहाजण अकरा वर्षांत एकदाच जमले होते, ग्रुप फोटोला.

प्राचार्यांना सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, हे तपासणीच्या आधी की नंतर?

मग मी प्रयोग करायचं ठरवलं. प्रयोगाला नियंत्रण लागतं. मी डायरीत पाच गोष्टी लिहून काढल्या, ज्या मला पक्क्या ठाऊक आहेत आणि ज्या कोणाला सांगितल्या तरी बिघडत नाही. विचारलं तर याच सांगायच्या, आणि नंतर डायरी उघडून पडताळायचं. सुगतला चार वाजता लायब्ररीत बसवलं आणि ग्रंथपालांना सांगितलं, पाच वाजेपर्यंत सोडू नका.

चार वाजून आठ मिनिटांनी मी व्हरांड्यात शिरलो. कूलरकडून.

ऑक्टोबरचं ऊन शहाबादी फरशीवर पट्टे पाडून होतं. फिनाइलचा वास. दोरीवर तीन टॉवेल. मेसमध्ये कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज अचानक थांबला. कूलरची घरघर मात्र चालू होती.

बोर्डापाशी पोचलो. माझं नाव वाचायचं म्हणून मान वर ठेवली होती.

मग दिसलं की मी बटण पाहतो आहे. पांढरं, चार भोकांचं. दोरा सैल झाला होता.

मान वर करायची, एवढंच. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पीएचडी. मान वर झाली नाही.

समोर कोणीतरी उभं होतं. उन्हाचा पट्टा माझ्या बुटांपाशी तुटला होता.

“तू त मागं बी आल्ता,” तो म्हणाला.

आवाज तरुण होता. रागीट नव्हता. दिवसभर कोणाशी बोललं नाही की आवाजाला जसा गंज चढतो, तसा होता.

मी म्हणालो, बाळापूरचा मुलगा यापुढे येणार नाही.

कूलर बंद पडला.

“मंग तू सांग,” तो म्हणाला. “घरी वाट कोन पाह्यते तुयी?”

मी सांगितलं.

काय सांगितलं ते आठवत नाही. चित्रणात मी बोर्डासमोर अकरा मिनिटं उभा दिसतो. ओठ हलताना दिसतात. शेवटी मी हसतोही. समोर कोणी नाही.

गाडीत बसल्यावर डायरी उघडली. एक, जन्मगाव तिवसा: बरोबर. दोन, वडील महादेवराव, पोस्टात होते: बरोबर. तीन, पहिल्या लुनाचा नंबर: बरोबर. चार, दहावीला भूमितीत पूर्ण गुण: बरोबर. पाचव्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बायको संध्या. चहात सुंठ घालते, सांगून ऐकत नाही.’

पाचपैकी चार. ऐंशी टक्के. एवढ्या लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

पुढच्या सोमवारी देवमनचा फोन आला. मुलगा घरी आला होता, म्हणाले, आणि आपला जुना पितळी गिलास कोठी गेला म्हणून आईशी तासभर भांडला. हे सांगताना त्यांचा आवाज इतका फुलला होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. टीसीचा अर्ज त्यांनी फाडून टाकला. सुगत हॉस्टेलात आहे. पियुष नावाचा एक मुलगा आता त्याच्या टेबलावर बसतो. मी त्याला बसवलं, पण उठत नाही हे त्याचं त्यानं. सुगत सायकल स्टँडकडून ये-जा करतो. कोणी सांगितलं, विचारलं नाही.

मी मात्र चार दहाला व्हरांड्यात असतो. ती वेळ मला मोकळी असते.

आकांक्षा रविवारी फोनवर रडली. बाबा, आईशी असं परक्यासारखं का वागता, म्हणाली. तिचं म्हणणं, घरात ज्या बाई आहेत त्या माझ्या पत्नी. असतील. भिंतीवर लग्नाचा फोटो आहे, आणि डायरीतली नोंद त्याला जुळते. मी त्यांना अहो-जाहो करतो, डबा परत देताना आभार मानतो. त्या दारात उभ्या राहतात. काल विचारत होत्या, आज दिवसभर कोणाशी बोललात. चेहरा कसा आहे ते मला सांगता येणार नाही. त्या समोर आल्या की माझी मान खाली जाते.

ऑक्टोबरचा अहवाल वेळेत गेला. निरंक.

शर्टाचं तिसरं बटण मधे तुटून पडलं होतं. त्या बाईंनी दुसरं लावून दिलं आहे. बाकीच्यांपेक्षा ते किंचित मोठं आहे.