उंदराचं प्रथिन आणि माफीची मिठाई

माकीनं कुसाकाला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून.

झालं असं, की नेत्रविभागातल्या प्रयोगशाळेचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर आलं आणि माकी कमरेतून वाकली ती वाकलीच. "आमच्याकडून आलेला माल सदोष निघाला, सेन्सेईंना फार त्रास झाला, मनापासून क्षमा मागते..." सगळं पाठ केलेलं तिनं एका दमात म्हणून टाकलं. समोर हिरव्या रबरी चपला होत्या. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता आणि तो अंगठा हळूच आत दडायचा प्रयत्न करत होता.

"मी नुसता दात घासायला निघालो होतो," वरून आवाज आला. "पण चालू द्या... छान चाललं होतं."

माकीनं मान वर केली. हातात ब्रश, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस एका बाजूला चपटे झालेले. हाच तो कुसाका सेन्सेई, म्हणजे इथला संशोधक, ज्याच्या तक्रारीसाठी ती गारठ्यात व्हॅन चालवत आली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं, पण हातात मिठाईचा खोका होता. तो आधी द्यायचा होता.

इसोबे माकी कानाझावा शहरातल्या एका छोट्या एजन्सीत कामाला होती. प्रयोगशाळांना लागणारा माल पोचवायचा आणि तो बिघडला की खोका घेऊन माफी मागायला जायचं, हे तिचं काम. बनवणारे कुठेतरी लांब, वापरणारे इथे, आणि मधल्या मधे वाकायला माकी. इतकी वर्षं हे करून ती अशी थकली होती, की घरी आरशासमोरून जातानासुद्धा "माफ करा हं" म्हणून बाजूला सरायची.

त्या दिवशी कुसाकानं तिला आत नेऊन बिघडलेल्या प्रथिनाची ती नळी दाखवली. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, तळाशी पांढरट गोळा बसलेला.

"हे उंदराच्या डोळ्यातलं?" तिनं विचारलं. विकत होती, पण ते नक्की काय असतं हे तिला धड ठाऊक नव्हतं.

"उंदराचं, पण उंदराला हात न लावता. जिवाणूंकडून बनवून घेतलंय." तो टेबलाला टेकला. "हे प्रथिन बिघडलं की डोळ्यातल्या पाण्याची वाट तुंबते. आपली मोरी तुंबते ना, तशी. दाब वाढतो आणि माणसाचं दिसणं कडेकडेनं कमी होत जातं. काचबिंदू. त्याला कळतसुद्धा नाही, काय दिसायचं बंद झालंय ते."

आपलंही असंच काहीसं झालंय, असं उगाच माकीच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच कीव आली.

बदली म्हणून दुसरी नळी गेली. तिच्यातही गोळा झाला. मुरोई साहेब, म्हणजे तिचे वरिष्ठ, म्हणाले की आता फोनवर माफी माग, पुरे, एवढ्या बर्फात जाऊ नकोस. माकी "हो" म्हणाली आणि व्हॅनची किल्ली घेऊन निघाली. का निघाली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. वाटेत ढग गडगडत होते, काचेवर बर्फ आणि पाणी एकत्रच आदळत होतं, आणि ती आपली चिडायच्या ऐवजी गुणगुणत होती.

ती वाकणार इतक्यात कुसाकानं खुर्ची पुढे ढकलली.

"बसा आधी. तुम्ही वाकून बोललात की मला फक्त तुमचा भांग दिसतो."

"भांगात काही वाईट आहे का?"

"वाईट नाही..." तो चहा ओतता ओतता थांबला. "जरा वाकडा आहे."

माकी हसली. गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच तिची पाठ कशालातरी टेकली होती. खिडकीला बर्फ चिकटत होतं, चहा पांचट होता, आणि हा माणूस तिला आवडायला लागला होता.

तिसऱ्या तक्रारीचा फोन आला तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, म्हणून मग तिला अपराधी वाटलं. त्या खेपेला तिला कळलं, की कुसाकाला गोड मुळीच आवडत नाही.

"मग आधीचे दोन खोके?"

"खाल्ले. तुम्ही एवढं लांबून आणले होते..."

पण एजन्सीत आल्यावर तिच्यासाठी वेगळंच वाढून ठेवलं होतं. पाठोपाठ तक्रारी आल्यामुळे बनवणारी कंपनी ते प्रथिन विकणंच बंद करायच्या विचारात होती. आणि गिऱ्हाईक सांभाळता येत नाही, असा ठपका ठेवून माकीला वसंतापासून लांबच्या नागाओकाच्या गोदामात पाठवायचं ठरत होतं. मुरोई साहेबांनी हे खिडकीबाहेर बघत सांगितलं. माकीला रडू आलं आणि त्याच वेळी एक सुस्काराही सुटला. गोदामात कुणापुढे वाकावं लागत नाही.

निरोप घ्यायला ती प्रयोगशाळेत गेली. सगळं ऐकून कुसाकाचा चेहरा उतरला. "अच्छा..." एवढंच तो म्हणाला. एवढंच? असं मनात म्हणत माकी जिना उतरली. ती त्याच्यावर रागावली होती आणि तसा रागवायचा तिला काही हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एजन्सीचं दार उघडलं. टाय बांधलेला, ओला झालेला कुसाका आत आला, हातात मिठाईचा खोका, आणि मुरोई साहेबांसमोर कमरेतून वाकला.

"चूक माझी आहे. प्रथिन पहिल्यापासून चांगलं होतं. मी ते आमच्या नव्या फ्रीजरमध्ये ठेवत होतो. त्यात बर्फ साठू नये म्हणून तो मधूनमधून आपोआप गरम होतो. प्रथिन वितळलं, गोठलं, परत वितळलं... त्याचा गोळा झाला."

"हे कधी कळलं तुम्हाला?" मुरोई साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या नळीनंतर."

"मग तिसरी?"

कुसाका वाकलेलाच होता. "तिसरी... मी उघडलीच नव्हती."

मुरोई साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माकीकडे पाहिलं. मग आपल्याला चहा हवा आहे असं त्यांच्या लक्षात आलं आणि ते आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

माकी तडक बाहेर पडली. तो मागोमाग आला. व्हॅनपाशी दोघं बर्फात उभी राहिली.

"माझं नाव खराब झालं," ती म्हणाली. "चारचौघांत मला बोल लागला. तुमची गंमत झाली, आणि वाकत कोण होतं?"

"गंमत नव्हती." तो अडखळला. "तुम्ही परत यावं असं वाटत होतं. बोलवायचं कसं असतं ते मला जमत नाही... तक्रार तेवढी करता येते. तुम्हाला त्याचे चटके बसतील हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही मला आवडता, माकी-सान. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

माकी रडायला लागली. रागानं कमी, थकव्यानं जास्त. मग नाक पुसत म्हणाली, "दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले होते, फोन कर, पुरे. तिसऱ्या वेळीही म्हणाले. मीच आले."

तेवढ्यात मुरोई साहेब दारात आले. कंपनीशी बोलणं झालं होतं, तक्रारी मागे घेतल्या गेल्या होत्या, प्रथिन बंद होणार नव्हतं. बदलीही थांबवता येईल, असं त्यांनी सांगितलं. कुसाकाचा चेहरा उजळला. माकीनं मात्र मान हलवली.

"नाही साहेब. मी जाते नागाओकाला."

मुरोई साहेब आत गेले. कुसाका पडेल आवाजात म्हणाला, "म्हणजे... माफ नाही केलंत."

"ते बघू. पण मी तुमच्यामुळे जात नाहीये. मी दमलेय. खरंच दमलेय हो... मला काही दिवस कुणाला 'माफ करा' म्हणायचं नाहीये."

"मग मी तिकडे आलो तर? काय सांगून येऊ?"

माकीनं व्हॅनच्या काचेवरचं बर्फ हातानं पुसलं. बोटं गारठली होती. "काहीच सांगू नका. माझ्याकडे जो येतो तो काहीतरी बिघडलं म्हणूनच येतो. एकदा तरी कुणीतरी, काही बिघडलेलं नसताना, मला नुसतं भेटायला यावं."

कुसाका अगदी हळू म्हणाला, "म्हणजे आता वसंतापर्यंत थांबायचं..."

"कोण थांब म्हणतंय तुला?" माकी म्हणाली आणि तिनं व्हॅनचं पलीकडचं दार उघडून दिलं.