तिसाचा फ्यूज

हे खरं घडलंय. माझ्या बोटावरचा भाजल्याचा डाग अजून गेलेला नाही.

ग्रीसमधलं कालिम्नोस बेट, ऑगस्टमधली दुपार. जेवून सगळा धक्का झोपला होता. भुतं रात्रीच येतात, असं ज्याला वाटतं त्याने आमची दुपार बघितलेली नाही.

बोट बाबांची. ते जाऊन दोन वर्षं झाली. आता माझा नवरा मिनास तीवर पर्यटक फिरवतो. सकाळपासून गोड्या पाण्याच्या पंपाचा फ्यूज सारखा उडत होता. वैतागून त्याने दहा अँपिअरच्या जागी तिसाचा बसवला.

"आता उडून दाखव म्हणावं."

"बाबा म्हणायचे, फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. वायर तर दहाचीच आहे ना?"

"सासरेबुवा गेले, भाषणं मात्र तुझ्याकडे ठेवून गेले," म्हणत तो कॉफी प्यायला धक्क्यावर उतरला.

आमची लेक कालिओपी बोटीच्या पुढच्या खोलीत झोपली होती. मी वर डेकवर सावलीत पडले.

खाली पंप घुमायला लागला...

थांबेचना.

मग एकदम थांबला. आणि नळ सुटला... आधी जोरात, मग बारीक, मग थेंब थेंब.

बोट बंद करून घरी निघताना बाबा अगदी असंच करायचे. आधी फ्यूज काढून पंप बंद, मग नळ सोडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं.

मी खाली धावले.

कालिओपी गाढ झोपेत होती. नळ उघडा. बेसिनच्या कडेवर तिसाचा फ्यूज नीट काढून ठेवलेला.

उचलला, तर चटका बसला.

तेवढ्यात जळका वास आला... कालिओपीच्या गादीखालून. तिला ओढून बाहेर काढलं, गादीखालची फळी उचलली. पंप अडकला होता, त्याची वायर पार वितळली होती. गादी खालून काळी पडली होती.

मिनास आला, पाहिलं, आणि कालिओपीला उचलून घट्ट धरलं. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही.

आम्ही वायर बदलली, पंप नवा आणला, दहाचाच फ्यूज लावला. मी बाबांच्या नावाने मेणबत्तीही लावली. वाटलं, संपलं.

काल दुपारी बोटीत गेले... नळ उघडा. दहाचा फ्यूज बेसिनच्या कडेवर.

हात लावला. थंड होता.

मिनासने दोनदा सगळं तपासलं. "सगळं ठीक आहे गं. आता काय म्हणायचंय त्यांना?"

मला माहीत नाही. पण बाबा उगाच कधी काही काढून ठेवायचे नाहीत.

आणि कालिओपी उद्या बोटीवर यायचा हट्ट धरून बसली आहे.