मावशीच्या पोटात तीन दिवस

जिन्याच्या वळणावर आमची टक्कर झाली आणि त्याच्या हातातले कागद पायऱ्यांवर पसरले. गोळा करता करता माझी नजर एका ओळीवर अडकली. मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेला सुट्टी नसते.

‘योना : अर्थ कबूतर. देवाने दूरच्या नगरीत निरोप सांगायला पाठवलेला संदेष्टा. उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळाला. तीन दिवस मावशीच्या पोटात होता.’

“मावशीच्या?” मी विचारलं.

तो वाकला. कान लाल झाले. “माशाच्या… मी मावशीकडे राहतो. लिहिताना ती जेवायला हाका मारत होती.”

“म्हणजे नामकोशवाले तुम्हीच. वर्षभर तुमचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरतेय मी.”

“तरीच समासात इतके टोमणे असतात.”

त्यानंतर शिपाई रिकामा बसू लागला आणि मुद्रितं तो स्वतः आणू लागला. खिडकीशी उभा राहायचा, मी वाचायचे. कधी बाहेर पाऊस असायचा, कधी नुसताच वारा. मान वर केली की तो घाईने दुसरीकडे बघायचा – म्हणजे आधी माझ्याकडेच बघत असणार.

बघता बघता ‘ज्ञ’ आलं. सगळा कोश छपाईला गेला. योनाचं पान तेवढं मी अडवून ठेवलं. ते दिलं की त्याचं इथलं काम संपणार होतं. दूरच्या विद्यापीठातली नोकरी त्याची वाट बघत होती. हे त्याने सहज सांगितलं, मीही सहज ऐकलं. इतकं सहज, की त्या दिवशी एका पानावरच्या सात चुका माझ्या नजरेतून सुटल्या.

तिसऱ्या दिवशी तो आला. “अहो, पान देताय ना?”

“नोंदीत दिलेला धर्मातला अर्थ पटला. पळालेल्यालाही देव दुसरी संधी देतो. साहित्यातला नाही पटत. ‘बोटीवरचा अपशकुनी सोबती’, एवढंच?”

“मग काय लिहू?”

“त्याला नुसतं जाऊन बोलायचं होतं. तेच जमेना, म्हणून पळाला. ‘जे बोलायचं ते टाळणारा’… असं लिहा.”

“ओळखीचं आहे का कुणी असं?”

“असतं एकेक.”

त्याने नोंदीत तसं लिहिलं. मग खिशातून एक पत्र काढून पुढे सरकवलं. “हेही बघता का? आजच पाठवायचंय.”

‘मी एक तारखेला रुजू होईन. एका माणसाची राहण्याची सोय व्हावी.’

शुद्धलेखन निर्दोष. वेलांट्या, उकार, सगळं जागच्या जागी. पत्र परत करायला मी हात पुढे केला… आणि मागे घेतला. लाल पेनाने ‘एका’ खोडलं, वर ‘दोन’ लिहिलं. ‘माणसाची’वर अनुस्वार दिला. टिंब जरा मोठंच आलं.

तो बघत राहिला. “इथे काय चुकलं होतं?”

“वचन.”

“आणि तुझं काम?” ‘तुम्ही’वरून ‘तू’ कधी झालं, त्याचं त्यालाच कळलं नसावं.

“चुका काय, तिकडचेही लोक करतातच की.”

“मग आता?”

“वचन मी दुरुस्त केलं. द्यायचं तुम्ही.”

त्याने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि पत्र नव्याने लिहायला बसला. अनुस्वार आधी दिला, अक्षरं मागून लिहिली.