भावदर्शकाची पारख

"किळस. एक्क्याऐंशी."

डॉ. सबनीसांनी भिंगाच्या कडेला उमटलेला आकडा मोठ्याने वाचला आणि चष्मा नाकावरून उतरवला. समोर त्यांची सहकारी डॉ. इरावती खैरनार बसली होती. तिच्यापुढच्या पडद्यावर तिचा थोरला भाऊ निरंजन याचं छायाचित्र होतं. काल तिनेच त्याच्या खोलीत जाऊन ते काढलं होतं. ते बघताना तिचा चेहरा काय सांगतो, हे सबनीस चष्म्यातून तपासत होते.

"पुन्हा बघा ना, सर."

"तीनदा बघितलं. आकडा हलत नाही."

हलणार कसा? हा भावदर्शक चष्मा तिनेच सात वर्षं खपून बनवला होता. चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त, डोळ्यांच्या बाहुल्या आणि नाकाशेजारच्या स्नायूंची बारीक थरथर एवढंच तो वाचतो आणि त्या क्षणाची सगळ्यात ठळक भावना तेवढी सांगतो. ओठांना खोटं हसता येतं, रक्ताला येत नाही.

"आपलं गृहीतक साधं होतं," सबनीस म्हणाले. "नैराश्याच्या रुग्णाला समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर तिरस्कार दिसतो. तो नसतो, पण रुग्णाला पटत नाही. म्हणून त्याला यंत्राची साक्ष द्यायची."

"आणि रुग्णाने चेहरा बरोबर वाचला असेल तर?"

सबनीसांनी चष्मा टेबलावर ठेवला.

निरंजनने दोन महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. 'तुम्हाला माझी किळस येते, म्हणून मला डॉक्टरांच्या गळ्यात टाकताय,' हे त्याचं पालुपद होतं. गेल्या पंधरवड्यात तर तो दोनदा अगदी शांतपणे म्हणाला होता, की आता आपण नसलेलंच बरं. इरावतीने हातापाया पडून त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. तो एकदा चष्मा लावून तिच्याकडे बघणार होता. यंत्र म्हणालं की तिला किळस येत नाही, तर तो मुकाट्याने डॉक्टरांकडे येणार होता.

आणि यंत्र म्हणत होतं एक्क्याऐंशी! याच भावाने, तिला कांजिण्या झाल्या तेव्हा, तिचे फोड आठवडाभर स्वतःच्या हाताने पुसले होते. इरावतीला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"एक तोडगा आहे," सबनीस गोड आवाजात म्हणाले. "आप्तभरपाई म्हणू या. चेहरा नातेवाइकाचा असला, की किळसेच्या जागी माया दाखवायची. दोन ओळींचं काम."

"ही लबाडी आहे, सर."

"कडू गोळीला आपण साखर लावतोच की."

पण त्या दोन ओळी लिहिल्या तिनेच, आणि लिहिताना तिला आपल्या बोटांचीही शिसारी आली.

दुपारी ती सातपूरला निरंजनच्या घरी पोचली. दारातच तो वास आला. घामाचा, शिळ्या अन्नाचा, महिनोन्महिने न बदललेल्या चादरीचा. उशाशी माश्या घोंगावत होत्या. निरंजनच्या दाढीत कधीचा तरी भात वाळून बसला होता. तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली आणि चष्मा पुढे केला.

त्याने तो लावला आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"माया. ब्याण्णव." त्याचा आवाज कापला. "खरंच, इरे?"

"खरंच, दादा."

मग वाकून त्याने खाटेखालून एक डबा ओढला, झाकण काढलं आणि थेट तिच्या नाकाशी धरला. आत कधीकाळची आमटी होती. तिच्यावर हिरवी लव आली होती आणि त्या लवेत काहीतरी वळवळत होतं. इरावतीला उमासा आला. ती तोंडावर हात दाबून मागे सरली.

"माया," निरंजनने वाचलं. "ब्याण्णव. या अळ्यांवरसुद्धा माया करतेस होय गं?"

तिने तोंडावरचा हात काढला नाही.

"सतरा वर्षं वजनमापे निरीक्षक होतो मी. दुकानात शिरलो की पहिलं काम काय? आपल्याजवळचं पक्कं वजन काट्यावर ठेवायचं. तेच चुकीचं दाखवलं, तर पुढचं काही तोलायचंच नाही. हा काटा कुणीतरी दाबलाय. कुणी दाबला?"

"मी," ती म्हणाली.

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्याच्यादेखत त्या दोन ओळी पुसल्या. डबा नेऊन मोरीत रिकामा केला, हात धुतले आणि परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"बघ आता."

"किळस. बहात्तर." त्याने मान हलवली. "म्हणजे मला भास होत नव्हते. दोन वर्षं तुम्ही सगळे मला सांगत होता, की हे आजारामुळे दिसतंय."

"हो, येते किळस!" इरावती ओरडली. "या वासाची येते, त्या चादरीची येते, तुझ्या नखांची येते! दाराशी आले की पोटात ढवळतं माझ्या. आणि माझंच पोट ढवळतं म्हणून माझी मलाच घाण वाटते. झालं समाधान?"

"झालं," तो म्हणाला. "आता काटा खरा आहे."

मग तो तिच्याकडे नीट वळून बसला.

"मग मी नसलो तर तू सुटशील, इरे."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला फक्त वाचायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचा आकडा आता उमटणार, याची त्याला खात्री होती. तो भिंगाच्या कडेकडे बघत राहिला.

"भीती," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "नव्व्याण्णव."

"त्याच्यापुढे आकडा नाही," ती कशीबशी म्हणाली.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मी नसलो तर," तो पुन्हा म्हणाला. वाचलं. मग तिसऱ्यांदा तेच म्हणाला आणि पुन्हा वाचलं. इरावतीचे डोळे वाहायला लागले होते. तिने ते पुसले नाहीत.

शेवटी त्याने चष्मा काढून तिच्या हातात दिला.

"डॉक्टर किती वाजता बसतात?"

"पाचला."

"जाऊ." त्याने नाक मुरडलं. "पण आधी ती खिडकी उघड गं. काय घाण मारतेय इथे!"